धूळ मर्यादेत आहे

नागपूर
२३ फेब्रुवारी २०२५

दुर्पता,

तू माझा नंबर ब्लॉक केला म्हणून ही चिठ्ठी पोस्टानं येऊन राहिली. तू शिकवते त्या आश्रमशाळेच्या पत्त्यावर टाकते. हेडमास्तरांनी फोडली तर फोडू दे. सकाळपासून तीन कागद फाडले, हा चौथा.

गुरुवारी तू फोनवर जे बोलली ते मी फोन ठेवल्याबरोबर उतरवून घेतलं. "बाबा सालभरापासून खोकलून राहिले. खदानीच्या धुळीनं झालं का ते तपासा, सरकारी एक्स-रे काढून द्या म्हणून मॅनेजरकडे, भुपेंद्रकडे गेले. त्यानं फाईल काढून कागद दाखवला. धूळ मर्यादेत आहे म्हणे, तुले बिडीचा खोकला आहे. कागदाखाली सही कोनाची, त तुही. तू आमच्या गावात आली, बाबाच्या गळ्यात मशीन लटकवली, आन् मले एक शब्द सांगतला नाही."

सांगितला नाही, हे खरं. कोणत्या खदानीत कधी जाणार ते आम्हाला बाहेर बोलता येत नाही. नंतर सांगायचं होतं. राहून गेलं.

पण बाकीचं तू मला न विचारता ठरवलं. गोंदियाच्या कॉलेजात तीन वर्षं एका बाकावर बसून बी.एस्सी. केली आपण. मी काय करते हे तुला समजावून सांगायची गरज पडू नये, तरी सांगते. माझं पद कनिष्ठ तांत्रिक सहायक. खाणीतल्या कामगारांची सुरक्षा आणि तब्येत, हे आमच्या खात्याचं काम. पहिले सहा महिने मी फक्त काट्यासमोर बसून कागद तोलले. पाणीपुरीच्या पुरीएवढा गोल कागद असतो. कामगाराच्या कमरेला छोटा पंप बांधायचा, त्याची नळी कॉलरजवळ अडकवायची, नळीच्या तोंडाशी तो कागद. माणूस दिवसभर जी हवा ओढतो तीच हवा त्या कागदातून जाते. आधीचं वजन, नंतरचं वजन, मधला फरक म्हणजे धूळ.

जानेवारीत पहिल्यांदा मला एकटीला पाठवलं, ते तुमच्या गावच्या खदानीत. पंप कोणाला बांधायचा, तर होल मारायच्या मशीनवर जो असेल त्याला. तिथं तुझे बाबा, मंगरूकाका होते. मी त्यांना निवडलं नाही. वजन पण मी ठरवलं नाही, काट्यानं ठरवलं. मी सगळं नियमानं केलं.

काकांना म्हणावं, बिडी खरंच कमी करा.

भाग्यश्री


सडक अर्जुनी
२ मार्च

दुर्पता,

देवरीचं तिकीट काढलं होतं. सडक अर्जुनीला बस चहासाठी थांबली, मी उतरली, आणि बस निघताना चढलीच नाही. कंडक्टरनं दोनदा आवाज दिला. आता धाब्यावर बसली आहे, समोर ट्रकांची रांग आहे आणि नागपूरकडं जाणारी बस अजून पाऊण तासानं. बिलाच्या पाठीमागं लिहून राहिली.

तुझ्या दारात येऊन काय बोलणार होती ते साकोलीपर्यंत पाठ होतं. नंतर ते मलाच पटेना.

मागच्या चिठ्ठीत मी लिहिलं की सगळं नियमानं केलं. नियम असा आहे की ज्याला पंप बांधला त्याच्याजवळ राहायचं. तो कुठं गेला, किती वेळ काम थांबलं, सगळं तक्त्यात भरायचं. त्या दिवशी मी सकाळी आठपासून एक वाजेपर्यंत काकांच्या मागं उभी होती. काका मला ओळखत असून ओळख दाखवत नव्हते. होस्टेलवर तुझ्यासाठी चारोळी घेऊन यायचे तेव्हा अर्धी पुडी माझ्या हातात देऊन "पोरी, खाजो" म्हणायचे. तेच काका त्या दिवशी "म्याडम, जरा बाजूले व्हा, दगड उडते" म्हणत होते. भुपेंद्र बघत होता म्हणून.

 एक वाजता तो आला. "मैडम, धूल में काहे खड़े हो? कपड़े खराब हो रहे. ऑफिस में बैठो, खाना लगा है." नवीन जॅकेट होतं, नोकरी लागली म्हणून आमच्या बाबांनी घेऊन दिलेलं. मी गेली.

जेवायला गेली, एवढंच. माणूस जेवतोच.

तू म्हणशील, मग उतरली काऊन? माहीत नाही. पाय चढले नाहीत.

बस आली वाटतं.

भाग्यश्री


नागपूर
९ मार्च

दुर्पता,

दोन चिठ्ठ्यांचं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. आठवडाभर खोलीवर बसवत नाही. ऑफिस सुटलं की पायी फिरते, सीताबर्डीपर्यंत जाते, परत येते, काही घेत नाही.

आता जे झालं ते सांगते. मध्ये थांबली तर पुन्हा जमणार नाही.

मी भुपेंद्रच्या ऑफिसात अडीच तास होती. जेवण अर्ध्या तासात झालं. मग चहा आला, मग त्यानं त्याच्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं, कोणता फॉर्म भरायचा, कोणतं पुस्तक घ्यायचं. मला ते बरं वाटत होतं. कोणी मला असं म्याडम म्हणून विचारत नाही. साडेतीनला बाहेर आली तेव्हा काका मशीनवर नव्हते. डिझेलच्या टाकीमागं, मोहाच्या झाडाखाली बसून होते. कमरेचा पंप चालू. चांगली स्वच्छ हवा ओढत होता. मशीनवर दुसराच माणूस होता.

मला वाटलं, बसू दे, म्हातारा माणूस आहे, तेवढाच आराम. खरंच असं वाटलं, दुर्पता. आणि त्याच क्षणी दुसरं पण कळत होतं, की नमुना खोटा होऊन राहिला. दोघांपैकी आधी काय वाटलं ते मला आता सांगता येत नाही.

साडेचारला मी पंप काढायला गेली. आमचा ड्रायव्हर हॉर्न मारत होता. भुपेंद्र दूर फोनवर बोलत होता. काकांनी मान खाली घालून, मी बक्कल सोडत असताना, हळूच म्हटलं, "पोरी, मी एकपासून बसून होतो. भुपेंद्रनं बसवलं. लिहून घेजो."

दिवसभरात पहिल्यांदा पोरी म्हणाले.

मी म्हटलं, "काका, गाडी उभी आहे."

तक्त्यात एक रकाना असतो, काम किती वेळ थांबलं ते लिहायला. तो मी कोरा सोडला. लिहिलं असतं तर नमुना रद्द झाला असता. आमच्या साहेबांनी, वीरेंद्र सरांनी विचारलं असतं, तेव्हा तू कुठं होती? माझं एकटीचं पहिलं काम होतं. परिविक्षेची दोन वर्षं व्हायची आहेत, नोकरी अजून पक्की नाही. आमच्या बाबांनी फुलचूरच्या दुकानात माझ्या नेमणुकीच्या कागदाची झेरॉक्स लावली आहे, गिऱ्हाईकाला सिमेंट देता देता दाखवतात. हे सगळं त्या एका रकान्यापुढं माझ्या डोक्यात आलं आणि मी पेनाला टोपण लावलं.

नंतर वजन मीच केलं. कमी आलं. कमीच येणार होतं. मी टाईप केलं, धूळ मर्यादेत आहे.

काकांनी तुला हे सांगितलेलं दिसत नाही. सांगितलं असतं तर तू फोनवर तेच आधी बोलली असती. त्यांनी मला झाकलं, आणि मी त्यांना बिडी कमी करा म्हणून लिहिलं.

उद्या सोमवार आहे. सरांना लेखी देणार आहे. हे तुला आधी लिहून टाकते, म्हणजे उद्या मागं फिरता येणार नाही.

भाग्यश्री


नागपूर
२१ मार्च

दुर्पता,

सोमवारी दिलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी सर जेवायला उठताना कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि दाराजवळ उभी राहिली.

सरांना तू ओळखत नाही. तीस वर्षं खाणी बघितल्या आहेत, बोलणं मोजकं. त्यांनी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

"एक ते साडेतीन तू कुठं होतीस?"

"मॅनेजरच्या ऑफिसात, सर."

"अडीच तास?"

"हो."

"का?"

मी खूप कारणं तयार केली होती. तोंडातून निघालं ते असं, "बाहेर धूळ होती, सर."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"हे तुझ्या सेवापुस्तकात जाईल," ते म्हणाले. "परिविक्षा वाढेल, नोकरीही जाऊ शकते. तो माणूस नातेवाईक आहे?"

"मैत्रिणीचे वडील."

"म्हणजे मॅनेजर म्हणेल, मैत्रिणीसाठी रिपोर्ट फिरवला. तेही लिही. ओळख आहे हे आधीच सांगितलं नाही, तीसुद्धा चूक आहे." त्यांनी कागद परत दिला. "पुन्हा लिही. 'कदाचित' आणि 'बहुधा' काढून टाक. तुला माहीत होतं की नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग तसं लिही."

लिहिलं. आवक नंबर पडला. आठ दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली. जुना रिपोर्ट रद्द झाला. पुन्हा नमुना घ्यायचा, पण तो सर घेतील. मी फक्त सामान उचलायला.

घरी सांगितलं. बाबा इतकंच म्हणाले, "कोनी विचारलं होतं का तुले? नाही ना? मंग कायले सांगतलं?" झेरॉक्स दुकानात आहे अजून.

तारीख सांगत नाही. सांगता येत नाही.

भाग्यश्री


नागपूर
११ एप्रिल

दुर्पता,

तुझ्या गावात येऊन गेली हे तुला आतापर्यंत कळलं असेल. गावच्या तोंडून कळलं असेल. माझ्याकडून पण ऐक.

दोन तारखेला सकाळी सातला न कळवता पोचलो. भुपेंद्र धावत आला. चहा, नाश्ता. सर नाही म्हणाले. पिशवीतून पंप काढल्याबरोबर तो म्हणाला, "मंगरू को मत लगाओ साहब, वो बीमार आदमी है. दूसरे को लगाओ." सरांनाही तेच हवं होतं. खोकणाऱ्या माणसाला मशीनवर उभं कशाला करायचं? होल मारणारे चौघं होते. सरांनी पहिल्याला विचारलं, तो लघवीला म्हणून गेला तो आलाच नाही. दुसरा म्हणाला, माझी तब्येत ठीक नाही. तिसरा सरळ बोलला. केवळराम, तुमच्या शेजारचा. "साहेब, तुमी मोजून जाल निघून. खदान बंद झाली त आमी कुठं जाऊ? छत्तीसगडात?" तो माझ्याकडं बघून बोलत होता.

काका टाकीजवळ उभे होते. चालत आले आणि शर्टाची कॉलर सरळ केली. "माह्याच गळ्यात टाका."

सर नाही म्हणाले. काका म्हणाले, "कागद माह्या नावाचा खोटा झाला. खरा पन माह्याच नावाचा होऊ द्या."

सरांनी पिशवीतून मास्क काढला. दोन डब्यांचा, रबराचा. कामगारांना द्यायचा असतो तसला. म्हणाले, हा घातला तरच पंप बांधतो. काकांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग मला विचारलं, "हे लावलं त यंत्राले धूळ कमी नाही ना दिसत?"

मी म्हटलं, "नाही काका. यंत्र मास्कच्या बाहेर आहे. जेवढी आहे तेवढीच मोजेल."

"मंग ठीक."

अकरा वर्षं त्या मशीनवर आहेत आणि मास्क पहिल्यांदा घातला. पट्टा कसा ओढायचा ते माहीत नव्हतं. मी बांधून दिला. त्यांचे कान दगडाच्या पावडरीनं पांढरे होते, आतपर्यंत.

दिवसभर मी तीन हातांवर उभी होती. मलाही मास्क होता, तरी दुपारपर्यंत दातांखाली कचकच लागायची. पाणी मारत होल मारलं तर धूळ एवढी उडत नाही. मशीनला पाण्याची नळी जोडायची सोय आहे, ती भिंतीला गुंडाळून टांगलेली होती. सरांनी फोटो काढला. काका तीनदा खोकल्यानं थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा मी पंप काढायला गेली. त्यांनी माझा हात बाजूला केला. मास्कमधून आवाज घुमत होता. "आज नाही बसत."

सर म्हणाले, "थांबू दे त्यांना जितका वेळ लागेल तितका. तू लिही." मी प्रत्येक वेळ लिहिली. सात मिनिटं, चार मिनिटं, अकरा मिनिटं.

दुपारी तुझ्या आई, अनुसयाकाकू, काकांचा डबा घेऊन आल्या. जाताना पाण्याची बाटली माझ्याजवळ ठेवून गेल्या.

वजन यावेळी दुसऱ्यांनी केलं. मर्यादेच्या दीडपट.

कोरडं होल मारणं बंद करायचा आदेश निघाला. पाण्याची सोय होईपर्यंत मशिनी चालणार नाहीत, म्हणजे खडी-गिट्टीचं काम पण थांबलं. भुपेंद्र म्हणतो पंधरा दिवस लागतील. गावात किती घरं त्या खदानीवर आहेत ते मला ठाऊक आहे, आणि त्यांचा राग कोणाच्या दारात येईल तेही ठाऊक आहे. माझ्या दारात येणार नाही, मी नागपुरात आहे. चारही जणांची छातीची तपासणी होणार, खर्च खदानीचा. काकांची तारीख २४ एप्रिल, गोंदियाचा सरकारी दवाखाना.

माझी परिविक्षा एक वर्षानं वाढली. नोकरी राहिली. सहा महिने एकटीनं कुठं जायचं नाही.

माफी मागायची होती. लिहिली आणि खोडली. चिठ्ठीत ती फार स्वस्त दिसते.

भाग्यश्री


देवरी
१७ एप्रिल

भाग्यश्री,

पाचही चिठ्ठ्या भेटल्या. पहिली वाचून चुलीत टाकली. बाकीच्या ठेवल्या.

बाबाले विचारलं, तुमी तिला सांगतलं होतं हे मले काऊन नाही सांगतलं? त म्हणाले, "पोरीची नवी नोकरी होती." मी दोन दिवस बाबाशी पन बोलली नाही.

केवळरामच्या घरचे आमच्या बोरिंगवर पाण्याले येत नाहीत. आईले बाजारात एका बाईनं तोंडावर सांगतलं, तुह्या नवऱ्यानं खदान बंद पाडली. बंद पडली नाही, पाण्याचा टँकर काल आला. पन ते कोन ऐकते.

तू जे केलं ते मले अजून गिळत नाही. नंतर जे केलं ते पन दिसते. दोन्ही आहे. मी कोनतं पहिले पाहू?

२४ तारखेले माह्यी सुट्टी मंजूर नाही. वार्षिक परीक्षेचे पेपर आहेत, आम्ही कंत्राटी, जास्त बोललं त घरी बसवतात. आई दवाखान्यात घाबरते. बाबा डॉक्टरपुढं नुसती मान हलवतात, घरी येऊन म्हणतात सगळं बरं आहे. तू गोंदियाले जाजो. बाबाले सातच्या बसमध्ये बसवून देईन. डॉक्टर काय म्हणते ते विचारजो, आन् मले जसंच्या तसं लिहून पाठवजो. गोड करून नको.

नंबर चालू केला नाही अजून.

दुर्पता


गोंदिया-देवरी बस
२४ एप्रिल

दुर्पता,

जसंच्या तसं लिहिते.

बस साडेनऊला आली. काका स्वच्छ पांढरा शर्ट घालून होते. वाटेत उलटी झाली नाही, जेवून निघाले होते. एक्स-रे साडेअकराला झाला, डॉक्टरांनी दीड वाजता बोलावलं.

त्यांनी फिल्म उजेडात धरली. दोन्ही बाजूंना, वरच्या भागात जास्त, बारीक बारीक ठिपके आहेत. मी विचारलं, हे काय. डॉक्टर म्हणाले, सिलिकोसिस. दगडाची बारीक पावडर फुप्फुसात जाऊन बसते, औषधानं निघत नाही. खोकल्यावर, दम लागण्यावर औषध देता येतं. मी विचारलं, वाढेल का. म्हणाले, धूळ बंद केली तर हळू वाढेल, थांबेलच असं सांगत नाही. अशा छातीला टीबी लवकर धरतो म्हणून थुंकी तपासायला घेतली, रिपोर्ट सोमवारी. पुढं भरपाईसाठी नागपूरच्या मेडिकल बोर्डापुढं केस जाईल, त्यासाठी डॉक्टरांनी आज कागद दिला. मी विचारलं, होल मारायचं काम? म्हणाले, एक दिवस पण नाही, पाणी मारून पण नाही.

काका सगळा वेळ मान हलवत होते. माझं विचारून झालं तेव्हा त्यांनी डॉक्टरला एकच विचारलं. "मंग बिडीनं नाही झालं ना?"

डॉक्टर म्हणाले, "नाही. बिडी सोडा, पण हे बिडीचं नाही."

काकांनी ते भुपेंद्रसाठी लिहून मागितलं. डॉक्टरांनी लिहून दिलं. तो कागद त्यांनी मला दिला नाही, स्वतःच्या खिशात घडी करून ठेवला.

बाहेर आल्यावर बाकावर बसले. मी त्यांची माफी मागितली. चिठ्ठीत खोडली होती ती तोंडानं मागितली. ते खिशातला कागद चाचपत राहिले. मग म्हणाले, "मी तुले त्या दिवशी जोरानं बोलाले पाहिजे होतं. मी पन हळूच बोललो. मले पन भुपेंद्रची भीती होती." मी म्हटलं, काका, ऐकू तर आलं होतं मला. ते म्हणाले, "हो. ते मले दिसलं होतं."

माफ केलं असं म्हणाले नाहीत. हेही जसंच्या तसं लिहिलं.

मग त्यांना तेंदूपत्त्याची आठवण आली. यंदा हंगाम लागला की तुझ्या आईसोबत जंगलात जाईन म्हणाले, तिथं हवा चांगली. चढावर दम लागेल, मी म्हटलं. म्हणाले, बसत बसत जाईन.

आता आम्ही देवरीच्या बसमध्ये आहोत. त्यांना एकट्याला बसवून द्यायचं ठरवलं होतं. औषधं सकाळची कोणती, रात्रीची कोणती, हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, म्हणून मी पण चढली. ते खिडकीजवळ झोपले आहेत. आमगाव गेलं. अक्षर हलतं आहे, सांभाळून वाच.

ही चिठ्ठी पोस्टात टाकणार नाही. तुझी शाळा पाचला सुटते, आम्ही त्याच्या आधी पोचू. मी फाटकाबाहेर उभी राहीन. काका चिठ्ठी आत आणून देतील. वाचून झाल्यावर बाहेर यायचं असेल तर ये. परतीची शेवटची बस साडेसहाला आहे, तोपर्यंत मी तिथंच आहे.

भाग्यश्री